ग्रामीण रस्त्यांवरील घोडेस्वार व मोटारचालक

ग्रामीण रस्त्यांवर घोडेस्वार व मोटारचालक यांनी परस्परांशी कसे वागावे, याविषयीचे नियम काही अंशी कायद्यात, तर बरेचसे रूढ संकेतांत आढळतात. खानदेशात हा प्रश्न विशेषतः दोंडाईचा–शहादा मार्गावर जाणवतो.

पार्श्वभूमी

दोंडाईचा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आहे. तेथून शहाद्याकडे जाणारा रस्ता तापी ओलांडून सारंगखेडा (जि. नंदुरबार) येथे पोहोचतो. सारंगखेड्यास मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा भरते व तिला जोडून घोड्यांचा मोठा बाजार असतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी अशा जातींचे घोडे तेथे विक्रीस येतात. दूरचे घोडे मालमोटारींतून आणले जातात. जवळपासचे मात्र स्वार होऊन किंवा लगाम हाती धरून चालवत नेतात. याच दिवसांत उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, एसटी आणि यात्रेकरूंची वाहने त्याच रस्त्यावर असतात. यात्रेव्यतिरिक्त नवरदेवाची घोडी आणि मेंढपाळांची सामान वाहणारी तट्टे या भागातील रस्त्यांवर दिसतात.

घोडा बुजण्याची कारणे

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते. परंतु नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. मागून येणारे वाहन त्याला आधी ऐकू येते व नंतर एकदम दिसते. म्हणून मागून वाजवलेला कर्कश हॉर्न, इंजिनाचा अकस्मात वाढवलेला आवाज, फडफडणारी ताडपत्री किंवा ब्रेकच्या हवेचा फुत्कार एवढ्यानेही तो बुजतो. बुजलेला घोडा बहुधा आडवा उडी घेतो, म्हणजेच रस्त्याच्या मध्यभागी येऊ शकतो. डांबरावर त्याचे नाल घसरतात, हे मोटारचालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 132 नुसार, जनावर वाहनाला भिऊन अनावर झाले आहे किंवा होईल असे त्याचा ताबा असलेल्या व्यक्तीस वाटल्यास व तिने तशी मागणी केल्यास चालकाने वाहन थांबवणे बंधनकारक आहे. स्वाराने हात उंचावून थांबण्याची खूण केली, तर थांबणे हा चालकाचा निव्वळ मोठेपणा नसून त्याचे कर्तव्य ठरते. ही तरतूद फारशी परिचित नाही. जबाबदारी एकतर्फी मात्र नाही. ताब्यातील जनावराबाबत मानवी जीवितास धोका होईल असा निष्काळजीपणा करणे हा भारतीय न्याय संहिता, 2023 च्या कलम 291 नुसार गुन्हा आहे.

प्रचलित संकेत

चालकाने घोडा दिसताच वेग कमी करावा, हॉर्न वाजवू नये व भरपूर अंतर ठेवून संथपणे पुढे जावे. समोरून वाहन येत असल्यास मागेच थांबावे. पुढे गेल्यावर लगेच वेग वाढवणे हीदेखील चूकच होय. रात्री प्रखर दिवा जनावराच्या डोळ्यांवर टाकू नये.

स्वाराने डाव्या कडेने जावे. घोडा हाताने नेताना स्वतः वाहतुकीच्या बाजूस राहावे, म्हणजे घोडा व वाहन यांच्यामध्ये माणूस येतो. नवखे जनावर सरावलेल्या घोड्यासोबत न्यावे. मागे वाहने खोळंबल्यास रुंद जागा पाहून कडेला थांबावे व त्यांना वाट द्यावी. पुलावर कड सोडून उतरता येत नसल्याने मोकळीक पाहूनच घोडा पुलावर घालावा. मार्गशीर्षात लवकर अंधारते. त्या वेळी प्रकाश परावर्तित करणारी पट्टी स्वाराच्या अंगावर व घोड्याच्या पायांना बांधणे उपयुक्त ठरते. दौड दाखवण्याची हौस बाजाराच्या मैदानात भागवावी, डांबरी रस्त्यावर नव्हे.

अन्यत्र

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये 2022 साली झालेल्या बदलांनुसार, घोड्याला ओलांडताना वेग ताशी 10 मैलांहून (सुमारे 16 किमी) कमी व अंतर किमान 2 मीटर ठेवण्यास सांगितले आहे. खानदेशातील अरुंद रस्त्यांवर 2 मीटर सोडायचे तर बहुतेक वेळा समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबावेच लागते. महाराष्ट्रात माथेरानने वेगळा मार्ग स्वीकारला आहे. तेथे खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबवतात आणि पुढील लाल मातीच्या वाटांवर घोडे चालतात.