दम्याचा संयुक्त इन्हेलर : कोणता आणि कधी?

भोपाळ येथील युनियन कार्बाइड कारखान्यातून २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. या दुर्घटनेतून बचावलेल्या अनेकांच्या वाट्याला कायमची धाप आली. अशा रुग्णांच्या उपचारांत इन्हेलरला मोठे स्थान आहे. मात्र कोणता संयुक्त इन्हेलर कोणासाठी योग्य, हा प्रश्न भोपाळपुरता मर्यादित नाही. तो प्रत्येक दमेकऱ्याचा आहे.

दोन औषधे, दोन कामे

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते आणि त्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. संयुक्त इन्हेलरमधील स्टिरॉइड सूज कमी करते, तर दुसरे औषध स्नायू सैल करून श्वासमार्ग दीर्घकाळ मोकळा ठेवते. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल, फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉल आणि फ्लुटिकासोन-विलॅंटेरॉल या त्यांतील प्रचलित जोड्या होत. पहिल्या दोन सामान्यतः दिवसातून दोनदा, तर तिसरी एकदाच घेतली जाते.

खरा फरक कोठे?

ठरलेल्या वेळी, तुल्य मात्रेत घेतल्यास या जोड्यांचा परिणाम जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो धाप लागते तेव्हा. फॉर्मोटेरॉलचा परिणाम काही मिनिटांतच जाणवतो. साल्मेटेरॉलला अधिक वेळ लागतो. म्हणूनच ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल नियमित उपचारासाठी आणि धाप लागल्यावर आरामासाठीही वापरता येते. साल्मेटेरॉलची जोडी मात्र ऐनवेळी वापरावयाची नसते.

केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपावर विसंबणे धोक्याचे आहे. त्याने श्वास मोकळा होतो. पण सूज तशीच राहते आणि तीव्र झटक्याचा धोका वाढतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिग्मा’ अभ्यासात सौम्य दम्याच्या रुग्णांनी गरजेपुरते ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल घेतले असता, केवळ तात्काळ आरामाचा पंप वापरणाऱ्यांच्या तुलनेत तीव्र झटके ६४ टक्क्यांनी कमी आढळले. ‘जिना’ या जागतिक संस्थेने २०१९ पासून केवळ आरामाच्या पंपावर उपचार करू नयेत, अशी शिफारस केली.

आधी निदान, मग इन्हेलर

भोपाळचा अनुभव येथे महत्त्वाचा ठरतो. प्रत्येक धाप दम्याचीच असते असे नाही. विषारी वायूने काहींच्या सूक्ष्म श्वासनलिकांना कायमची इजा झाली. तेथे व्रण पडून आलेला अरुंदपणा इन्हेलरने पूर्णपणे दूर होत नाही. त्यामुळे औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर स्पायरोमेट्री करून श्वासाच्या क्षमतेत किती सुधारणा होते, हे पाहणे आवश्यक असते. हे न पाहता मात्रा वाढवत नेल्यास लाभ होत नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात.

योग्य औषधही चुकीच्या पद्धतीने घेतल्यास वाया जाते. फवाऱ्याच्या इन्हेलरला स्पेसर जोडल्यास अधिक औषध फुप्फुसांपर्यंत पोहोचते. पावडरच्या इन्हेलरसाठी मात्र श्वास जोराने आत ओढावा लागतो. वृद्धांना ते नेहमी जमतेच असे नाही. प्रत्येक वापरानंतर चूळ भरल्यास तोंडातील बुरशीचा संसर्ग टळण्यास मदत होते.

पंपाची सवय लागते, या समजापोटी अनेकजण बरे वाटताच औषध थांबवतात. लक्षणे शमली तरी श्वासनलिकांतील सूज पूर्णपणे गेलेली नसते. म्हणून इन्हेलर बदलणे, कमी करणे वा थांबवणे हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. आरामाचा पंप वारंवार लागू लागला, तर दमा आटोक्यात नाही, असे समजून तपासणी करून घ्यावी.