घर मांडताना : आधी फरशी, मग सोफा

गेल्या आठवड्याचा लेख भिंतींच्या रंगांवर होता. तो वाचून बांधकाम काढलेल्या बऱ्याच मंडळींनी सोफ्याविषयी विचारलं. वळणदार घ्यावा की एल आकाराचा? हैदराबादहून आणावा की गावातल्या सुताराकडून करून घ्यावा? मन्नाएखेळ्ळीत हा प्रश्न पडणारच. गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, हुमनाबाद आणि जहीराबादच्या मधे. ९ ऑगस्ट २०१८ रोजी आयकियानं भारतातलं आपलं पहिलं दुकान हैदराबादेत उघडलं. तिथवर जाणारे सपाट खोक्यांतलं फर्निचर गाडीच्या टपावर बांधून आणतात आणि न जाणारे मोबाइलमधला फोटो सुतारापुढे धरतात. तरी सोफ्याचं मी पुढे ढकलतो. सोफा दहा वर्षांनी बदलता येतो. फरशी उखडायची म्हणजे सगळं घर रिकामं करावं लागतं. शिवाय घरातलं फर्निचर कसं दिसेल, हे निम्मं फरशीच ठरवते.

जगाचा कल सध्या कुठे आहे ते थोडक्यात सांगतो. इटलीत मिलानला १९६१ पासून फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथं आणि इतरत्र गेल्या काही वर्षांत चकचकाट मागे पडत चालला आहे. चुन्याचा गिलावा, वेत, न रंगवलेलं लाकूड, शिरा दिसणारा दगड आणि मंद, बिनचकाकीचे पृष्ठभाग यांना मागणी आहे. पॅन्टोन या रंगसंस्थेनं २०२५ साठी कॉफीच्या छटेचा तपकिरी निवडला आणि २०२६ साठी चक्क पांढरा. गुजरातेत मोरबीचे कारखानेही आता दगडाचं चित्र छापलेल्या मॅट टाइल्स काढतात. आपल्या तालुक्याच्या दुकानांत त्या भरपूर विकल्या जातात.

ज्या दगडाची ती चित्रं आहेत, तसला खरा दगड कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम या पट्ट्यात निघतो. शहाबादी फरशी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८७१ मध्ये मुंबईचा लोहमार्ग रायचूरपर्यंत पोहोचला. त्याच मार्गावर शहाबाद असल्यानं या दगडाला पुण्यामुंबईची वाट मोकळी झाली. चाळी, वाडे, शाळा, रेल्वेचे फलाट, मंगल कार्यालयं, सगळीकडे तो गेला. हा चुनखडीचा दगड थरांनी बनलेला असतो, म्हणून छिन्नीनं त्याचे पातळ पत्थर सुटे होतात. भीमेकाठी सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला सापडलेला बौद्ध स्तूप याच भागातल्या चुनखडीच्या शिळांनी मढवलेला होता. त्यात सम्राट अशोकाचं नावासह कोरलेलं शिल्प आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी ज्यावर इतकं नाजूक काम केलं, त्या दगडाला आपण गोठ्याची आणि मोरीची फरशी म्हणून बाजूला सारलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता शहरातले वास्तुरचनाकार तीच फरशी दिवाणखान्यात घालताहेत. माझ्या मते हा कल टिकेल, आणि त्याला फॅशनपेक्षा मोठं कारण आहे, ते म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा चाळिशी ओलांडतो. जमिनीला लागून बसवलेली जाड दगडी फरशी खालच्या मातीचा गारवा धरून ठेवते आणि दुपारी तिच्यावर नुसती चटई टाकून झोपता येतं. वरच्या मजल्यावर, स्लॅबवर, हा फायदा फारसा मिळत नाही. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर तळमजल्याला दगड घाला आणि वर साधी टाइल चालू द्या.

दगड म्हटला की आपल्या भागातली वडीलधारी माणसं दचकतात, आणि ते बरोबरच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदांचा भार अंगावर पडून हजारो माणसं गेली. त्यानंतर सीमाभागात अनेकांनी माळवद उतरवून स्लॅब टाकला. म्हणून स्पष्ट लिहितो : दगड पायाखाली वापरा. टीव्हीमागच्या भिंतीला दगडी पट्ट्या चिकटवायची जी टूम आली आहे, ती पलंगाच्या डोक्याशी किंवा दारावर नको. लावायच्याच असतील तर पातळ लावा, कमरेइतक्या उंचीपर्यंत लावा आणि धातूच्या खिट्ट्यांनी भिंतीत पक्क्या करा.

फरशी घेताना सगळा माल एका खाणीचा, एका खेपेचा घ्या. निळसर राखी आणि पिवळट फरशा एकत्र आल्या तर खोलीभर ठिगळं दिसतात. टिचकी मारून पाहा. आवाज बद्द आला तर आत चीर असण्याचा संभव आहे. हातकापीच्या फरशीच्या कडा वेड्यावाकड्या येतात आणि सांधे रुंद ठेवावे लागतात. यंत्रावर कापलेली थोडी महाग पडते, पण सांधा बारीक बसतो. आरशासारखं पॉलिश मागू नका. मंद घोटाई केली की पाय घसरत नाही आणि दगडाचा खरा रंग दिसतो. शेवटी दगडाची छिद्रं बुजवणारं सीलर मारून घ्या, नाहीतर हळदीचे आणि तेलाचे डाग आत मुरतात. गृहिणींसाठी महत्त्वाची गोष्ट : चुनखडीला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंचेचं पाणी, संडास धुण्याचं आम्ल यांनी पांढरे चट्टे पडतात, ते पुसून जात नाहीत. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी म्हणून ग्रॅनाइटच बरा.

आता फर्निचर. राखी फरशीवर काळपट, जमिनीला टेकलेलं जड सामान ठेवलं की खोली अंधारते. सहा इंच पायांवर उभं राहिलेलं, फिक्या लाकडाचं किंवा वेताचं सामान तिथं शोभतं. खालून केर निघतो, हवा खेळते. सप्टेंबर २०२५ पासून पूर्णपणे बांबू-वेताच्या फर्निचरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, याचाही विचार करा. फोटोतले लोकरी गुबगुबीत कापडाचे गोल सोफे मात्र आपल्याकडे नकोत. काळ्या रानाची धूळ त्यात बसली की निघत नाही. भिंतीवरच्या उभ्या खाचांच्या पट्ट्यांचंही तेच.

भिंतीतल्या कपाटांबाबत एक सोपी युक्ती आहे. प्लायवूडच्या कपाटाचा नाश तळापासून सुरू होतो : रोज फरशी पुसताना पाणी झिरपतं, प्लाय फुगतो, मग वाळवी लागते. कपाट चार इंच उंचीच्या शहाबादी किंवा कडप्प्याच्या पट्टीवर बसवा. फरशीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत हे काम होतं. स्वयंपाकघरात प्लाय लावायचाच असेल तर आयएस ७१० हा शिक्का पाहूनच घ्या.

सजावटीसाठी शेवटी बिदरकडे वळतो. बिदरच्या किल्ल्यात अली बरीदशहाच्या काळातला, सोळाव्या शतकातला रंगीन महाल आहे. तिथं काळ्याभोर दगडात शिंपले जडवले आहेत. बिदरी कामाची रीतही हीच. जस्त आणि थोड्या तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात वस्तू काळी करतात. धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते. बरंच काळं आणि थोडं लखलखीत, हे या मातीचं माप आहे आणि ते राखी फरशीच्या घराला नेमकं बसतं. भिंती चुन्याच्या पांढऱ्या ठेवा, खोलीत चमकणारी जागा एक-दोनच ठेवा.

बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. तरी आपल्या घरांत बिदरी शोकेसच्या काचेआड असते. मी सुचवेन, कपाटाच्या आणि खणांच्या मुठी बिदरी करून घ्या. कारागिराशी आधी बोला. जस्ताचा हा धातू ठिसूळ असतो, आदळला तर तुटतो, म्हणून वजनदार दारांना तो नको, हलक्या खणांना चालेल. मूठ जाडसर ओतायला सांगा आणि मागून स्क्रू बसेल एवढी जागा ओतण्याआधीच ठरवा, नंतर भोक पाडताना चीर जाऊ शकते. अधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवला की काळेपणा टिकतो.

पुढच्या आठवड्यात छत : पीओपीचं खोटं छत उन्हाळ्यात खरंच गारवा देतं का, ते पाहू.