लहान ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज न होण्याचीं कारणें

द्राक्षबागेंतील लहान ट्रॅक्टर ऐन वेळीं सेल्फ घेईनासा झाला म्हणजे पुष्कळ बागाईतदार तडक नवी बॅटरी आणतात. पाऊस उघडल्यावर फवारणीस उशीर झाला तर केवडा पसरतो. तेव्हां ही घाई समजण्यासारखी आहे. परंतु मूळ दोष अन्यत्र असल्यास नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत उतरते व पैसा व्यर्थ जातो. यास्तव पुढील क्रमानें परीक्षा करावी.

प्रथम टर्मिनल पाहावे. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी सांचली असल्यास प्रवाह अडतो. इंजिन बंद करून आधीं ऋण तार सोडावी, मग धन. खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून त्यानें टर्मिनल धुवावे; मात्र तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. तारा घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावावें. जोडतांना धन तार प्रथम व ऋण तार शेवटीं.

दुसरें, इंजिन बंद असतांच डायनामोचा पट्टा पाहावा. तो ढिला, तेलकट अगर चिरलेला असल्यास घसरतो आणि डायनामो पुरेसा फिरत नाहीं.

तिसरी परीक्षा मल्टीमीटरची. कांहीं तास विसावलेली १२ व्होल्टची भरलेली बॅटरी सुमारें १२.६ दाखविते, १२ च्या खालीं आल्यास ती जवळजवळ रिकामी समजावी. नंतर इंजिन मध्यम वेगानें चालवून पुन्हां मोजावें. १३.८ ते १४.५ आल्यास चार्जिंग ठीक आहे. दोष बहुधा बॅटरींतच असतो. आंकडा मुळींच न वाढल्यास फ्यूज, तारा, रेग्युलेटर व डायनामो तपासावे. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असें समजावें. अशानें बॅटरींतील पाणी लवकर आटतें.

चार्जिंगच्या दिव्याकडेही लक्ष असावें. तो किल्ली फिरवितांच लागावा व इंजिन सुरू होतांच विझावा. कित्येक डायनामोंस पहिला प्रवाह या दिव्यावाटेच मिळतो. तेथें एवढासा बल्ब गेल्यानेंही चार्जिंग बंद पडतें.

सर्व ठीक असूनही बॅटरी उतरत असेल तर वापर पाहावा. वारंवार सेल्फ मारून पांच-दहा मिनिटेंच इंजिन चालविल्यास खर्चलेली वीज पुरती भरून येत नाहीं.

दोन गोष्टी कटाक्षानें टाळाव्या. इंजिन चालू असतां बॅटरीची तार काढूं नये. डायनामोंतील डायोड जळतात. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ विडी ओढूं नये. तींतून निघणारा हायड्रोजन वायु पेट घेतो.

एवढी परीक्षा झाल्यावरच नव्या बॅटरीसाठीं खिशांत हात घालावा.