जुना गिझर काढून हीट पंप बसवावा काय?

थंडीचे दिवस आले की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आंघोळीच्या ऊन पाण्याचा प्रश्न घरोघरी उभा राहतो. एके काळी अंगणात तांब्याचा बंब पेटत असे; पुढे त्याची जागा विजेच्या गिझरने घेतली. तो गिझर जुना होऊन गळू लागला म्हणजे नव्या पर्यायांत आता 'हीट पंप' हे नावही कानी येते, आणि किंमत ऐकून मनुष्य थबकतो. हे यंत्र काय आहे व ते कोणास परवडेल, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

साध्या गिझरमध्ये विजेची कॉईल तापते व पाणी तापविते. एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता मिळते. गिझर कितीही चांगला असला तरी त्याहून अधिक मिळणे शक्य नाही. गिझरवरील तारे टाकीतून वाया जाणारी उष्णता किती कमी, एवढेच सांगतात. हीट पंप मात्र उष्णता निर्माण करीत नाही. तो सभोवतालच्या हवेतील उष्णता ओढून घेतो व पाण्यात सोडतो. घरातील फ्रीज आतील उष्णता मागच्या बाजूने बाहेर टाकतो. तेच काम येथे उपयोगास लावलेले आहे. ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांनी, १८५२ साली मांडली होती. जपानमध्ये २००१ पासून असे घरगुती यंत्र विकले जात आहे.

आता हिशोब पाहू. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास गिझर सुमारे साडेतीन युनिट वीज घेतो. हीट पंपास हवा उबदार असेल तर सव्वा युनिटाच्या आसपास पुरते. चार महिने रोज एवढे पाणी लागले, तर वर्षाकाठी पावणेतीनशे युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी ही बचत तीन हजारांच्या आतच राहते. यंत्रासाठी पन्नास हजार रुपये अधिक मोजले असतील, तर ते फिटण्यास अठरा वर्षे लागतील. तोवर यंत्रच जुने होईल! चार-पाच माणसांच्या व केवळ हिवाळ्यात ऊन पाणी वापरणाऱ्या कुटुंबाने या खर्चात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वतःचे मोकळे छत असेल तर सौर बंबाचा विचार आधी करावा.

वसतिगृह, धर्मभगिनींचा मठ किंवा लहान रुग्णालय यांची गोष्ट निराळी. साठ मुलांना प्रत्येकी पंधरा लिटर म्हटले तरी नऊशे लिटर पाणी होते. वर्षात दोनशे दिवस ते लागले तर चार हजारांहून अधिक युनिट वाचतात. त्याच दराने चाळीस हजार रुपये! तेथे काही वर्षांतच यंत्राची किंमत वसूल होऊ शकते. अशा ठिकाणी आठवड्यातून एकदा टाकीतील पाणी ६० अंशांपर्यंत तापवावे, म्हणजे साठलेल्या पाण्यात रोगजंतू वाढत नाहीत.

यंत्र केव्हा चालवावे, यातही शहाणपण आहे. पहाटे हवा थंड असते, तेव्हा त्याची कार्यक्षमता उतरते. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपार बरीच उबदार असते. म्हणून दुपारीच पाणी तापवून ठेवावे. टाकीचे आवरण चांगले असेल तर सकाळपर्यंत काही अंशच उतरतात. छतावर सौर पॅनेल असतील तर ती वीजही तेव्हाच उपलब्ध असते. यंत्र बंद न्हाणीघरात बसवू नये. त्यास वाहती हवा लागते, व त्यातून ठिबकणाऱ्या पाण्यास वाट द्यावी लागते.

घाटाखालच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, बोअरच्या पाण्यात क्षार फार. गिझरच्या कॉईलवर त्यांचा पांढरा थर चढतो, वीज अधिक जाते व शेवटी कॉईल जळते. ज्या हीट पंपात तापणारी नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली असते, त्यात हा त्रास कमी होतो. तथापि टाकीस गंजापासून वाचविणारी मॅग्नेशियमची कांडी अशा पाण्यात लवकर झिजते. ती दरवर्षी तपासून देण्यास गावात कोणी आहे काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

खर्च वाचविण्यासाठी काहीजण गॅस गिझरकडे वळतात. तो बंद न्हाणीघरात कदापि लावू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूस वास नसतो, आणि त्याने माणसे आंघोळ करता करता दगावलेली आहेत. ज्यांच्या घरी आजही असा गिझर आतच लावलेला आहे, त्यांनी तो आधी बाहेर, मोकळ्या हवेत हलवून घ्यावा. नव्या यंत्राचा विचार त्यानंतर.