अष्टग्रहीपासूनचे आकाश

१९६२ च्या फेब्रुवारीत, पौष सरता सरता, सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र येणार असे पंचांगांनी वर्तविले, आणि ३ ते ५ तारखांच्या धास्तीने देशभर होमहवने चालली व प्रलयाच्या वार्ता कर्णोपकर्णी पसरल्या. पंतप्रधान नेहरूंनी मात्र हे प्रकरण हसण्यावारी नेले.

त्या आठांचा हजेरीपट आज तपासावयास घेतला, तर सूर्य संक्रांतीपासून महिनाभर मकरेत असतोच, अमावास्येला चंद्र त्याच्याजवळ येणारच, आणि बुध व शुक्र यांना सूर्यापासून अनुक्रमे २८ व ४७ अंशांपलीकडे जाण्याची मुभा नाही. केतूला तर देहच नाही, तो चंद्रमार्ग व क्रांतिवृत्त यांचा छेदनबिंदू, आणि ५ तारखेस सूर्यग्रहण असल्यामुळे तो तेथे असणे ओघानेच आले. गुरू-शनींची सुमारे वीस वर्षांनी होणारी युती १९६१ मध्येच झालेली होती. राहता राहिला एकटा मंगळ! शिवाय हा सारा दरबार सूर्यतेजात लोपलेला असल्यामुळे, ज्याला लोक भ्याले ते हिंदुस्थानातून कोणाच्याही दृष्टीस पडले नाही.

पुढे ‘द ज्युपिटर इफेक्ट’ या पुस्तकाने ग्रहांच्या अशाच जुळणीवरून १९८२ साली कॅलिफोर्नियात भूकंप भाकिला, तो झाला नाही. २००० च्या मे महिन्यातला मेळावाही असाच सूर्याआड निमूटपणे पार पडला.

डोळ्यांचे खरे पारणे फिटले ते २१ डिसेंबर २०२० रोजी, तेही त्याच मकर राशीत. सूर्यास्तानंतर पश्चिमेस गुरू आणि शनी यांच्यात अवघ्या सहा कलांचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या पंचमांशाएवढे अंतर उरले होते, इतके कमी की १६२३ नंतर ते प्रथमच घडत होते. साध्या दुर्बिणीच्या एकाच दृष्टिक्षेत्रात शनीचे कडे व गुरूचे चार चंद्र सामावत, आणि तरीही शनी गुरूच्या मागे ७० कोटी किलोमीटरांहून अधिक दूर होता. साथीने गांजलेल्या त्या वर्षात या युतीला दोष देण्यासही कोणाला फारशी सवड नसावी.

२०२५ च्या आरंभी शुक्र, शनी, गुरू, मंगळ संध्याकाळी एका कमानीत दिसले. क्रांतिवृत्ताच्या आसपासच वावरणाऱ्यांची रांग लागली तर त्यात अपूर्व असे काही नव्हे, पण पाहण्याजोगी ती निश्चित होती.

आता २०४० च्या सप्टेंबरात, भाद्रपदाच्या प्रारंभी, गणपती येण्याच्या सुमारास, पाचही ग्रह सुमारे दहा अंशांत चंद्रकोरीसह सायंकाळी पश्चिमेस जमतील. पावसाळी ढगांनी वाट दिली तर अवश्य पाहावे.