ठाकर कोण, हे कोणी ठरवायचं?

चित्रकथीचं एक पान हातात घ्या. कागद जरा जाड लागतो, कारण दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एका बाजूचा प्रसंग संपवतो, पान उलटतो आणि कथा पुढे सरकते. अशा तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त पानांची एक पोथी होते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाच्या घरांनी या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या कलांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, आणि नवरात्रात देवळात ही कथा सांगण्याचा मान ठाकरांचा. 2021 साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा साऱ्या जिल्ह्याची मान उंचावली.

सिंधुदुर्गातल्या ठाकरांच्या घरात आणखी एक गठ्ठा असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेला. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, वंशावळीचं शपथपत्र, प्रांतांनी दिलेला जातीचा दाखला. मुलगी बारावीला गेली की हा गठ्ठा बाहेर निघतो, कारण दाखला असून भागत नाही, तपासणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, म्हणजे 'व्हॅलिडिटी' लागते. इथले ठाकर खरंच अनुसूचित जमातीतले का, या प्रश्नावर तिथेच अडतं. शिकलेली, सज्जन माणसंही या विषयावर जे बोलतात ते ऐकून वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

"रामायण सांगणारे आदिवासी कसे असतील?"

हा प्रश्न मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे. विचारणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं: जंगल, लंगोटी, वेगळा देव. देवळात बसून सीताहरण सांगणारा माणूस त्या चित्रात बसत नाही.

कायदा मात्र धर्म विचारत नाही. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट होती आणि आहे. आधी मुख्यतः हिंदू, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अटच नाही. जमातीचा माणूस हिंदू असो, ख्रिस्ती असो की निसर्गपूजक, त्याचं नाव यादीतून जात नाही. म्हणून रामायण सांगणं हा ठाकरांच्या विरोधातला पुरावा होऊच शकत नाही.

"आदिवासी कोण, याची व्याख्या राज्यघटनेत दिलेली आहे"

नाही. शोधून पाहा, सापडणार नाही. अनुच्छेद 366 मधलं कलम 25 एवढंच सांगतं की अनुच्छेद 342 खाली ज्या मानल्या गेल्या त्या अनुसूचित जमाती. आणि 342 सांगतो की राष्ट्रपतींनी राज्यासाठी अधिसूचना काढायची, तिच्यात बदल करायचा तो फक्त संसदेने. म्हणजे व्याख्येच्या जागी एक यादी आहे. 'आदिवासी' हा शब्द तर घटनेच्या मूळ इंग्रजी संहितेत नाहीच. जयपालसिंग मुंडांनी संविधान सभेत त्याचा आग्रह धरला होता. डॉ. आंबेडकरांचं म्हणणं, तो शब्द सर्वसाधारण आहे, त्याला नेमका कायदेशीर अर्थ नाही.

यादीत कोणाला घ्यायचं याचे निकष 1965 मध्ये लोकूर समितीने मांडले: आदिम वैशिष्ट्यं, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपण, बाहेरच्या समाजाशी संपर्काचा संकोच, मागासलेपण. हे शब्द पुन्हा एकदा वाचा. ज्याने बाहेरच्या जगाशी संकोच सोडला, मुलांना शाळेत घातलं, तो या मोजपट्टीवर 'कमी आदिवासी' ठरू लागतो. घटना ज्या प्रगतीसाठी हात देते, तीच प्रगती हक्काच्या आड येते.

"वंश चेहऱ्यावरून कळतो"

"ती तशी दिसत नाही हो," असं एखाद्या मुलीबद्दल सहज म्हटलं जातं. या वाक्याचा उगम राज्यघटनेत नाही. तो 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांच्या नाक मोजण्याच्या साधनात आहे. जातीची सामाजिक पत आणि नाकाची सरासरी रुंदी यांचं प्रमाण व्यस्त असतं, असा त्यांचा दावा होता. नाक जितकं रुंद तितकी जात खालची.

या दाव्याला मोठा धक्का दिला तो मालवणात जन्मलेल्या माणसाने. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म 1893 चा. पुढे मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. 1932 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी रिस्लेंचीच मोजमापं घेऊन दाखवलं की गंगेच्या खोऱ्याचा काही भाग सोडला तर जातीची उतरंड आणि शरीराची ठेवण यांचा मेळ लागत नाही. 1948 मध्ये डॉ. आंबेडकरांनी घुर्यांच्याच आकड्यांच्या आधारे मांडलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत. मालवणच्या माणसाने केलेलं काम बाबासाहेबांच्या युक्तिवादात गेलं, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात प्रत्येक शाळेत सांगितली पाहिजे.

त्याच घुर्यांनी 1943 मध्ये आदिवासींना 'मागास हिंदू' म्हटलं, हेही लपवू नये. मोजपट्टी मोडणाऱ्या विद्वानालाही दुसऱ्याची ओळख आपणच ठरवावी असं वाटलं.

राज्यघटनेने मात्र 'वंश' हा शब्द टाळलेला नाही. अनुच्छेद 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई आहे आणि 341 मध्ये 'जाती, वंश किंवा जमाती' असा उल्लेख आहे. घटना वंश मोजायला सांगत नाही. वंशाच्या नावाने जे अन्याय झाले ते थांबवायला सांगते.

"खरे ठाकर ठाण्या-नाशिकचे, इकडचे वेगळे"

या समजाला एकेकाळी कागदाचा आधार होता. 1956 च्या यादीत ठाकर, ठाकूर, क ठाकर, म ठाकर ही नावं होती, पण ती ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांपुरती. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातला ठाकर त्या रेषेबाहेर राहिला. रेषेच्या एका बाजूला जमात, दुसऱ्या बाजूला नुसती जात.

संसदेने 1976 च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्राची अट काढून टाकली. 27 जुलै 1977 पासून तो अमलात आला, आणि महाराष्ट्राच्या यादीत 44 क्रमांकाची नोंद पूर्ण राज्याला लागू झाली. यादीत एकदा नाव आलं की ते आहे तसंच वाचायचं, त्यात भर घालायची नाही आणि त्यातून वजाही करायचं नाही, हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 28 नोव्हेंबर 2000 रोजी मिलिंद प्रकरणात पक्का केला. तिथे 'हलबा-कोष्टी' हे नाव यादीत नाही म्हणून दावा नाकारला गेला. धनगर आणि धनगड यांचा वादही फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याच नियमावर अडला. ज्या नियमाने कोष्ट्यांना आणि धनगरांना दार बंद होतं, त्याच नियमाने ते ठाकरांसाठी उघडायला हवं, कारण 'ठाकर' हे नाव यादीत स्पष्ट छापलेलं आहे. पन्नास वर्षांपूर्वी पुसलेली तालुक्यांची रेषा चौकशी करणाऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या डोक्यातून मात्र अजून पुसली गेलेली नाही.

"प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत, म्हणजे दावा खोटा"

खरा काच इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

1994 मध्ये कुमारी माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाखल्यांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली. शाळेच्या दप्तरी 'हिंदू कोळी' अशी नोंद असताना महादेव कोळी म्हणून घेतलेला दाखला तिथे वादात होता. त्या निकालानंतर तपासणी समित्या आणि दक्षता पथकं आली, पुढे राज्याने स्वतंत्र कायदा केला. तो 2001 मध्ये अमलात आला, आणि त्याच्या आठव्या कलमानुसार सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. पडताळणीचा एक भाग म्हणजे आप्तभाव चाचणी. तुमचा देव कोणता, लग्न कसं लागतं, मर्तिकाला काय करता, प्रेत पुरता की जाळता, असे प्रश्न विचारायचे आणि जुन्या मानववंशशास्त्रीय ग्रंथांशी उत्तरं ताडून पाहायची. मुंबई प्रांतासाठी असा ग्रंथ म्हणजे एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याचे 1920 ते 1922 मधले तीन खंड.

आता ती बारावीची मुलगी डोळ्यांसमोर आणा. कणकवलीला वसतिगृहात राहते, मोबाइलवर भौतिकशास्त्राचे पाठ ऐकते. तिच्या आईचं लग्न मंगल कार्यालयात लागलं, आजीला स्मशानात अग्नी दिला. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज साहेबाला घाटावरच्या कुठल्यातरी पाड्यावर जे दिसलं, ते तिला आज पाठ यायला हवं. चूक सांगितलं तर ती ठाकर नाही. अगदी बरोबर सांगितलं तर कोणी म्हणेल, पुस्तक वाचून आली.

असाच खटला अमेरिकेतही झाला. मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावरच्या मॅशपी वाम्पानोआग लोकांनी गेलेली जमीन परत मागितली, तेव्हा 1978 मध्ये बोस्टनच्या ज्युरीपुढे प्रश्न ठेवला गेला: अमुक अमुक तारखांना हे लोक 'जमात' होते का? ज्युरीने सांगितलं, 1834 आणि 1842 मध्ये होते. 1790 मध्ये नव्हते, 1869 मध्ये नव्हते, 1976 मध्येही नाहीत. माणसं तीच, गाव तेच. त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, इंग्रजी घेतली, इतरांशी लग्नं केली, हे सगळं त्यांच्या विरोधात गेलं. सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली ती 2007 मध्ये. कायदा आणि सत्ता यांच्याकडे टीकेच्या नजरेने पाहणारे अभ्यासक जे सांगतात ते या खटल्यात स्वच्छ दिसतं: न्यायालय ओळख नुसती शोधत नाही, प्रश्न कसा विचारला यावरून ती घडवतं आणि पुसतंही.

आपल्याकडे या चाचणीला लगाम बसला आहे, आणि तो ठाकरांच्याच लढ्याने. 24 मार्च 2023 रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नाही. स्थलांतर, शिक्षण, आधुनिक राहणी यांमुळे जुन्या चालीरीती सुटतात, याची दखल 2011 मध्येच आनंद प्रकरणात घेतली गेली होती. कागदपत्रांवर समितीचं समाधान झालं तर प्रत्येक अर्ज दक्षता पथकाकडे पाठवण्याचीही गरज नाही, हेही 2023 च्या निकालात आहे. या निकालाची प्रत प्रत्येक ठाकर कुटुंबाने त्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावी.

"खरे असतील तर कागद असतीलच"

स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदीला सर्वांत जास्त वजन असतं, हे खरं. पण नोंद कोणाची होते? शाळेत गेलेल्याची, जमीन असलेल्याची. देवळादेवळांतून, गावागावांतून कला दाखवत फिरणाऱ्याची कुठे होणार? त्यात कुडाळ 1948 पर्यंत सावंतवाडी संस्थानात, मग रत्नागिरी जिल्ह्यात, 1 मे 1981 पासून सिंधुदुर्गात. दप्तरं तीन ठिकाणी फिरली. "आमचो आजो शाळेत गेलोच नाय, मगे कागद खंयसून हाडू?" या प्रश्नापुढे मला कधी उत्तर सुचलेलं नाही. आणि ज्याचा आजा शाळेत गेला, त्याची जात मास्तरांनी स्वतःच्या समजुतीने लिहिली. कुठे नुसतं 'हिंदू', कुठे 'ठाकर', कुठे 'मराठा'. आजोबांना वाचता येत नव्हतं, त्यांनी अंगठा उठवला.

एक दिलासा आहे. वडिलांना, सख्ख्या चुलत्याला किंवा भावाला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल, तर त्याच रक्ताच्या नातेवाइकाला ती नाकारता येत नाही, फसवणूक झाल्याचं दिसलं तरच गोष्ट वेगळी. 2010 मध्ये अपूर्वा निचळे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हे सांगितलं, 2023 च्या निकालातही ते तत्त्व आलं. तरी भावाचं प्रमाणपत्र हातात घेऊन बहीण पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभी राहिलेली मी पाहिली आहे.

"बोगस कोणी नसतंच, समित्या फक्त छळतात"

हाही गैरसमजच. खोट्या दाखल्यांवर घेतलेल्या नोकऱ्या हा खऱ्या आदिवासींच्या तोंडचा घास आहे. 6 जुलै 2017 च्या जगदीश बहिरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की दावा अवैध ठरला तर नोकरीला संरक्षण नाही. त्यानंतर 21 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर घेतलं, म्हणजे नोकरी गेली ती फक्त कागदावर. पडताळणी हवीच. माझी तक्रार पडताळणीबद्दल नाही, तिथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांबद्दल आहे. लबाडी पकडायची तर कागद तपासा, नातं तपासा, खाडाखोड तपासा. मुलीला तिच्या आजीचं प्रेत पुरलं की जाळलं हे विचारून लबाड सापडत नाही. लबाड तर उत्तर पाठ करून येतो.

समितीने दावा फेटाळला की सगळं संपलं, असंही समजू नये. थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि तिथे पहिला मुद्दा मांडायचा तो यादीतल्या 44 व्या नोंदीचा.

यंदा नवरात्रात देवळात चित्रकथी लागली तर जाऊन बसा. हुडूक आणि टाळ वाजेल, कंदिलाच्या जागी आता ट्यूबलाइट असेल. पान धरणाऱ्या हातांकडे बघा. बहुधा ते कॉलेजात शिकणाऱ्या पोराचे असतील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कागदांचा गठ्ठा घेऊन तपासणी समितीसाठी ठाण्याची गाडी पकडायची असेल.