वाट दाखवणाऱ्याचे मोल

जुलै महिन्यातला शनिवार. रात्रीचे दोन वाजलेले. बाहेर पावसाची झड लागलेली. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी केलेली, त्यामुळे घरातली सगळी माणसे गाढ झोपलेली. अशात कुत्री भुंकू लागतात. वाडीच्या तोंडाशी गाड्यांचे दिवे दिसतात. दारावर थाप पडते आणि बाहेरून कुणी तरी विचारते, "काका, गडाची वाट कुठून जाते हो?"

सह्याद्रीच्या कुशीत ज्यांची घरे आहेत, त्या वाचकांना हा प्रसंग नवा नाही. कळसूबाईखालची बारी असो, हरिश्चंद्रगडाखालची पाचनई असो, सांदण घळीजवळचे साम्रद असो, की राजमाचीवरची उधेवाडी असो, शनिवार-रविवारी गावात गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच जास्त दिसतात. देशावरच्या वाचकांना वाटेल, आपला याच्याशी काय संबंध? पण तुमचाही मुलगा किंवा पुतण्या नोकरीसाठी पुण्या-मुंबईला असेल, तर तोही एखाद्या रविवारी पाठीवर पिशवी अडकवून याच वाटेने निघालेला असतो. तेव्हा हा विषय दोन्ही घरांचा आहे. दार ठोठावणाऱ्याचाही आणि दार उघडणाऱ्याचाही.

ही माणसे डोंगरात येतात कशाला?

आपल्याकडे डोंगर चढायचा तो कामासाठी. गुरे चारायला, सरपण आणायला, हिरडा वेचायला, नाही तर देवाच्या यात्रेला. उगाच दमण्यासाठी कुणी डोंगर चढतो, हे जुन्या माणसांना अजून खरे वाटत नाही. पण शहरात दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या आणि लोकलमध्ये उभ्याने तास-दोन तास काढणाऱ्या माणसाला मोकळा वारा, टाक्याचे थंड पाणी आणि चुलीवरची भाकरी यांची भूक लागते. त्या भुकेला आपण हसू नये.

हे वेड तसे जुनेच. गो. नी. दांडेकरांनी आयुष्यभर गड-किल्ले पायाखाली घातले आणि त्यावर लिहून हजारो तरुणांना गडांची ओढ लावली. मग गावोगाव गिरिभ्रमण मंडळे निघाली. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ जण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. आणि आपल्यासाठी सर्वांत अभिमानाची गोष्ट घडली मे २०१८ मध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले-मुली एव्हरेस्ट सर करून आली. शेतमजुरी आणि कोरडवाहू शेती करणाऱ्या घरांतली ही लेकरे. साहस ही काही शहराची मिरासदारी नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

जुन्या काळी गडावर येणारे दहा-बारा जण एस.टी.ने यायचे, देवळाच्या पडवीत पथारी टाकायचे, घरात बसून पिठलं-भाकरी खायचे आणि घरी गेल्यावर पत्र पाठवायचे. आता मोबाईलवर एक चलच्चित्र पाहून एका रात्रीत पाचशे माणसे येतात. त्यातल्या अनेकांनी त्याआधी डोंगर पाहिलेलाही नसतो. इथूनच खरी अडचण सुरू होते.

त्यांची मौज, आपली लावणी

त्यांचा हंगाम आणि आपला हंगाम नेमका एकच. पाऊस पडला की धबधबे सुटतात, आणि पाऊस पडला की लावणी लागते. अरुंद रस्त्यावर गाड्या आडव्या उभ्या राहिल्या की ट्रॅक्टर शेतात जात नाही आणि अडलेल्या बाईला दवाखान्यातही नेता येत नाही. वाट चुकलेली टोळी बांधावरून चालते आणि बांध फुटला की खाचरातले पाणी निघून जाते. फोडलेल्या बाटलीची काच चिखलात रुतून बसते. ती कुणाच्या पायात जाते, हे लावणी करणाऱ्या बाईला विचारा.

मे अखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला झुंबड उडते. काजव्याचे चमकणे म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक. गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्या यांच्या उजेडात ती हाक ऐकूच जात नाही. काजव्याची मादी अंडी घालते ती जमिनीवर, ओलसर पालापाचोळ्यात, आणि तिथेच पाहुण्यांचे बूट पडतात. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. तिथला काजवा संपला, तर पाहुणाही संपेल आणि गावाची मिळकतही.

डोंगराला ओळख लागते

आता जिवावरच्या गोष्टीकडे वळू. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात चार लेकरे होती. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

ओढ्याचे पाणी अंगावर येते ते काही अचानक नसते. आपल्या माथ्यावर ऊन असले, तरी वर कड्यावर ढग फुटलेला असतो. पाणी गढूळ होते, त्यात पाला आणि काटक्या वाहत येतात, आवाज बदलतो. गुराख्याचे दहा वर्षांचे पोरही हे पाहून गुरे मागे वळवते. शहरातून आलेल्या शिकलेल्या माणसाला ही अक्षरे वाचता येत नाहीत, त्यात त्याचा दोष नाही. आपण बँकेतला अर्ज भरताना जसे अडतो, तसा तो ओढ्यापाशी अडतो. फरक एवढाच, की अर्ज चुकला तर दुसरा मिळतो.

तसेच धुक्याचे. कोकणकड्यावर धुके उतरले की चार पावलांवरची कडा दिसत नाही. तसेच आग्या माशांचे. पोळ्याखाली धूर केला, दगड मारला किंवा आरडाओरडा केला, की अख्खे मोहोळ उठते. तसेच शेवाळलेल्या कातळाचे. हे सारे ज्ञान पुस्तकात नाही, तुमच्या घरात आहे. तुमच्या आज्याने ते तुमच्या बापाला दिले आणि बापाने तुम्हाला. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, की हे ज्ञान म्हणजे तुमच्या रानातले एक पीक आहे. ते फुकट नेऊ देऊ नका आणि नासूही देऊ नका.

शेर्पांकडून शिकण्यासारखे

नेपाळात एव्हरेस्टच्या पायथ्याशी शेर्पा लोक राहतात. मुळात तेही आपल्यासारखेच, बटाटा आणि जव पिकवणारे, याक राखणारे. १९५३ साली हिलरीबरोबर शिखरावर पोचलेला तेनसिंग त्यांच्यातलाच. पण पुढे कित्येक वर्षे ओझे शेर्पाचे आणि नाव साहेबाचे, असाच व्यवहार चालला. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. पाहुण्यांसाठी सामान वाहताना त्यांना मरण आले. सरकारने अंत्यविधीसाठी जाहीर केले अवघे चाळीस हजार नेपाळी रुपये. तेव्हा शेर्पांनी ओझी खाली ठेवली. त्या बाजूने त्या वर्षीचा चढाईचा हंगाम बंद पडला आणि सरकारला विम्याची रक्कम वाढवावी लागली.

आज चढाईच्या कित्येक संस्था शेर्पांच्या स्वतःच्या मालकीच्या आहेत. १६ जानेवारी २०२१ रोजी जगात दोन नंबरचे उंच शिखर 'के टू' भर हिवाळ्यात प्रथमच सर झाले, तेही दहा नेपाळी गिर्यारोहकांकडून. त्यात नऊ शेर्पा होते. हमालीपासून मालकीपर्यंतची ही वाट त्यांनी एकीने चढली. आपल्या वाड्या-वस्त्यांना ती चढता येणार नाही का?

जरा हिशेब मांडू

समजा, शहरातला एक संयोजक माणशी हजार रुपये घेऊन चाळीस जणांना गडावर आणतो. चाळीस हजार झाले. गावात तो दोन जेवणांचे माणशी शंभर-शंभर देतो, म्हणजे आठ हजार. त्यातून तांदूळ, तेल, डाळ, सरपण वजा करा. वाटाड्याला पाचशे रुपये, तेही हातात टेकवून, उपकार केल्यासारखे. पहाटे चारला उठून ऐंशी भाकऱ्या थापणाऱ्या कारभारणीची मजुरी तर हिशेबात धरलेलीच नसते. मागे राहतो तो कचरा, आणि तो उचलायचा गावाने.

संयोजकाचाही खर्च असतो, सगळेच काही लुबाडणारे नसतात. अनेक मंडळे वर्षानुवर्षे एकाच घरी जेवतात, शाळेच्या पोरांना वह्या-दप्तरे देतात, टाकी साफ करतात. पण भाव ठरवणारा एकटा तोच असला, तर तुमचा वाटा तो ठरवील तेवढाच राहणार. बाजार समितीत माल नेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

गावाने काय करावे?

पहिली गोष्ट, दर ग्रामसभेत ठरवा. जेवणाचा, मुक्कामाचा, गाडी उभी करण्याचा आणि वाटाड्याचा दर लिहून पाटीवर लावा. एका घराने पन्नासला आणि दुसऱ्याने चाळीसला भाकरी विकली की दोघेही बुडतात. कुणाकडे जेवण आणि कुणाकडे मुक्काम याची पाळी लावा. काम बचत गटाच्या हाती दिले तर पैसा घरात पोचेल.

दुसरी, वाटाड्यांची यादी करा. त्यांना प्रथमोपचार आणि दोर हाताळण्याचे शिक्षण मिळवून द्या. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची माणसे अडकलेल्यांना सोडवायला स्वतःची कामे टाकून धावतात. अशा जाणत्यांना गावात बोलवा. पण ते पोचेपर्यंत जखमीपाशी असतो तो गावकरीच, हे विसरू नका. शाळेत किंवा देवळात एक दोर, एक स्ट्रेचर आणि औषधपेटी ठेवा. ११२ आणि १०८ हे क्रमांक पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि मोबाईलला कुठल्या टेकाडावर रेंज मिळते तेही लिहा.

तिसरी, गडावर जाणाऱ्या प्रत्येक टोळीची नोंद वहीत करा. किती जण गेले, किती वाजता गेले, परत किती आले. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्यात संयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. तेव्हा नोंदणी आहे का, हे संयोजकाला बेलाशक विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

चौथी, जमीन विकू नका. रस्त्याकडेच्या तुकड्याला आज चांगला भाव येतो. पण खाचर विकून आलेला पैसा एका लग्नात जातो, आणि मग त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या हॉटेलात आपला पोरगा भांडी घासतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. तरीही कुणी कोऱ्या कागदावर अंगठा मागितला, तर आधी तलाठ्याला आणि चार जाणत्यांना दाखवा. भाकरी विका, वाट दाखवण्याची मजुरी घ्या, पण रान राखा.

आणि शेवटची, सर्वांत अवघड. ज्या दिवशी डोंगर नको म्हणतो, त्या दिवशी तुम्हीही नको म्हणा. दारात पन्नास माणसे पैसे घेऊन उभी असतील. नाही म्हटले तर दोन-चार हजार हातचे जातील, ते घर चालवणाऱ्याला परवडत नाही हे खरे. म्हणूनच हा नकार एका घराचा नसावा, गावाचा असावा. ओढ्याला पाणी चढले की वाट बंद, हा ठराव ग्रामसभेचा असला की शेजारचा पोरगा चोरून नेणार नाही.

इर्शाळवाडीची आठवण

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाखालची ही ठाकरवाडी. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्रे वर जाईनात. जे गेले ते पायी, चिखल तुडवत, अंधारात. त्यांत डोंगर चढणारे गिर्यारोहकही होते. ज्या वाडीतून गडाची वाट जायची, तिथेच ते हातांनी माती उपसत होते. २७ मृतदेह मिळाले. पन्नासहून अधिक माणसे मातीखालीच राहिली.

त्या रात्री गिऱ्हाईक कोण आणि मालक कोण, हा हिशेब उरला नव्हता. नाते असते ते असे. पण ते टिकायचे, तर ते दोन्ही बाजूंनी मानाचे हवे. तुमच्या घरचा मुलगा शहरातून डोंगरात जाणार असेल, तर त्याला एवढेच सांगा, "बाबा, दिवसाउजेडी जा, गावात विचार, वाटाड्या घे, ठरलेली मजुरी दे, आणि तो परत फीर म्हणाला तर मुकाट्याने फीर."

आणि तुमचे घर डोंगराखाली असेल, तर पुढच्या शनिवारी रात्री दारावर थाप पडल्यावर कंदील घेऊन बाहेर या. पाहुण्यांना पडवीत बसवा, चहा पाजा आणि सांगा, "वाट उजाडल्यावर. पाऊस बघून ठरवू."